स्पेनमधले घर आणि गाळलेले पान

ही हकिकत सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. सकाळी मेहरूण तलावावर फिरायला येणारी आमची निवृत्तांची एक टोळी आहे. तिथे खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी मी रंगवून सांगतो. पण कोणी परदेशातल्या घराचा विषय काढला की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो. दप्तरी हा गुन्हा उघडकीस आलेला म्हणून नोंदलेला आहे. मला त्याबद्दल प्रशस्तिपत्रकही मिळाले. दप्तरात जे लिहिले आहे ते खोटे नाही, अपुरे आहे. ते अपुरे माझ्याच हाताने राहिले, आणि चुकून राहिले नाही. म्हणून आता लिहितो. नाव कोणाचेच देत नाही.

मी तेव्हा जळगावात आर्थिक गुन्ह्यांचा तपास पाहत होतो. एके दिवशी सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला की धुळ्याहून एक गृहस्थ आले आहेत आणि त्यांचे घर स्पेनमध्ये चोरीला गेले आहे असे सांगतात. माझ्या राईटरला, म्हणजे लेखनिक हवालदाराला, हसू आवरले नाही. "घर नेलं, पण दाराची कडी तरी ठेवली का?" तो म्हणाला. गृहस्थ दारातच उभे होते. त्यांनी ऐकले.

"हसा भाऊ," ते म्हणाले. "दुसरानं घर ऱ्हातं तर मी बी हसतू."

राईटरने मान खाली घालून खुर्ची पुढे केली. हे आमचे फिर्यादी. साठी ओलांडलेले, धुळ्यात पाइप आणि फिटिंगचे दुकान असलेले. त्यांना सगळे नाना म्हणत, मीही नानाच म्हणेन. त्यांचा मुलगा ठिबक सिंचनातला अभियंता. कंपनीने त्याला स्पेनच्या दक्षिणेकडे, हरितगृहांच्या पट्ट्यातल्या एका गावी कायमचे पाठवायचे ठरवले होते. मुलाने तिथे भाड्याने राहण्यापेक्षा स्वतःचे घर घ्यावे असे नानांच्या मनाने घेतले. महामार्गालगतचा एक प्लॉट त्यांनी विकला. जळगावात परदेशातल्या घरांचे व्यवहार जुळवणारा एक एजंट होता, त्याच्याकडे बापलेक गेले.

त्या व्यवहारातले स्पॅनिश शब्द मी नंतरच्या आठवड्यात शिकलो. ते सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. आपल्याकडे इसार असतो, तिथे त्याला आर्रास म्हणतात. इसाराचा एक प्रकार तिथे बराच चालतो: घेणारा मागे फिरला तर इसार बुडतो, देणारा फिरला तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. आपल्या खरेदीखताला तिथे एस्क्रितुरा म्हणतात. ते नोतारिओसमोर होते. हा नोतारिओ म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी नव्हे. तो सरकारने नेमलेला मोठा कायदेतज्ज्ञ असतो. सही घेण्याआधी तो खरेदीखतात काय आहे ते पक्षकारांना वाचून समजावतो, आणि ज्याला स्पॅनिश येत नाही त्याच्यासाठी दुभाषी बसवतात. पण नाना आणि मुलगा तिथे गेलेच नाहीत. त्यांनी पोदेर, म्हणजे मुखत्यारपत्र करून दिले आणि एजंटाने शोधलेल्या तिथल्या वकिलाने त्यांच्या वतीने सही केली. नोतारिओने समजावले ते त्या वकिलाला.

नाना अगदीच भोळे नव्हते. त्यांनी एजंटाला विचारले होते, "सातबारा कोठे शे?" एजंटाने नोटा सिंपल नावाचा दोन पानी उतारा पुढे केला. तिथल्या मालमत्ता नोंदणी कार्यालयातून तो मिळतो आणि घरावर कोणाचा काय हक्क आहे ते त्यात लिहिलेले असते. नानांनी त्यावर विकणाऱ्याचे नाव कुठे आहे ते विचारले, एजंटाने बोट ठेवून दाखवले. नाव जुळले. त्या नावाच्या खाली आणखी एक नाव होते, ते कोणाचे हे नानांनी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट घडली होती. घर दाखवायला एजंटाने तिकडच्या माणसाकडून फोनवर व्हिडिओ मागवला, तेव्हा गॅलरीत एक म्हातारी कुंड्यांना पाणी घालताना दिसली. एजंट म्हणाला, विकणाऱ्याची आत्या आहे, जाईल. यावर नाना काय म्हणाले ते त्यांनी मला फिर्यादीत लिहून घ्यायला लावले. ते म्हणाले होते, "म्हातारी माय शे, राहू दे चार महिना. घाई नका करू." आमच्या भागात घर विकले तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच दिवशी कोणी उठवत नाही. घेणारा तोंडी शब्द देतो, त्याची सोय झाली की तो जातो. ते कागदावर लिहिणे कमीपणाचे वाटते. नानांना वाटले आपण तिला सवलत देतो आहोत. एजंटाने फक्त मान डोलावली.

तीन महिन्यांनी मुलगा दोन बॅगा घेऊन त्या दारात उभा राहिला. म्हातारीने दार उघडले, त्याला आत घेतले, कॉफी दिली. मग कपाटातून एक कागद आणून समोर ठेवला. मुलाने फोनवर भाषांतर चालू केले. ती म्हणत होती, "मालक तू आहेस हे मला माहीत आहे. पण मी मरेपर्यंत इथेच राहणार. तुला सांगितलं नाही का?"

मुलगा बाहेर येऊन जिन्यावर बसला आणि त्याने वडिलांना फोन लावला.

तिथल्या कायद्यात घराची मालकी दोन भागांत वाटता येते. एकाला नुदा प्रोपिएदाद मिळते. त्याचे नाव मालक म्हणून लागते, पण त्याला तिथे राहता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. दुसऱ्याकडे उसुफ्रुक्तो राहतो, म्हणजे हयातभर राहण्याचा आणि वापरण्याचा हक्क. तो माणूस गेला की दोन्ही भाग पहिल्याकडे एकत्र होतात. यात बेकायदा काही नाही. तिकडे म्हातारी माणसे उतारवयात असे व्यवहार नेहमी करतात. म्हातारीने आपल्या भाच्याला नुसती मालकी दिली होती, भाच्याने तेवढीच नानांना विकली होती. घर नानांना बाजारभावाच्या निम्म्यात मिळाले होते, ते का, याचे उत्तर तेवढेच होते.

"साहेब," नाना म्हणाले, "त्यानी माले बठ्ठं वाचीसन दखाडं. यातलं एक अक्षर त्यामा नव्हतं."

फिर्याद दाखल करून मी एजंटाच्या कार्यालयावर नजर ठेवायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी दुपारी आमच्या नेहमीच्या खबऱ्याचा, एका रिक्षावाल्याचा फोन आला. एजंटाचे शटर अर्धे खाली आहे, टेम्पो लागला आहे, आधी कॉम्प्युटर चढवतो आहे, टेम्पो सुरतेचा आहे. आम्ही दहा मिनिटांत पोहोचलो. दोन पंच बोलावले, पंचनामा केला, कॉम्प्युटर आणि नानांच्या व्यवहाराची फाइल जप्त केली. फाइलमध्ये खरेदीखताचा स्पॅनिश मसुदा होता, नोटा सिंपल होती, आणि मराठी भाषांतराची झेरॉक्स होती. भाषांतराची मूळ प्रत नानांनी आणून दिली.

एजंट चाळिशीचा, गोड बोलणारा. ठाण्यात येताच त्याने शिपायाला काका म्हटले आणि माझ्यासाठी चहा सांगू का असे विचारले. मी त्याला त्याची जागा दाखवल्यावर तो म्हणाला, "सर, मला स्पॅनिश येतं का? बाईंनी जे मराठी करून दिलं ते मी नानांना वाचून दाखवलं. चूक असेल तर बाईंची. ही बघा सही."

सही खरी होती. भाषांतर आठ पानांचे होते. त्यात घराच्या चतुःसीमा होत्या, पैसे कसे द्यायचे ते होते, कर कोणी भरायचे ते होते. म्हातारीच्या हक्काचा उल्लेख नव्हता. मी तिथेच मनाशी ठरवले की दोघे मिळालेले आहेत. तपास अधिकाऱ्याने असे ठरवले की त्याच्या डोळ्यांना पुढे तेवढेच दिसते. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवले होते आणि मी ते नव्या मुलांना शिकवतही होतो.

त्या बाई म्हणजे तिशीतली एक मुलगीच होती. पुण्यात स्पॅनिश शिकलेली, दीपनगरच्या वसाहतीत वडिलांच्या क्वार्टरमध्ये राहून ऑनलाइन शिकवण्या आणि भाषांतरे करणारी. सकाळी दहाला दोन महिला शिपाई घेऊन आम्ही गेलो. वडील औष्णिक केंद्रात कामाला, रात्रपाळी करून नुकतेच आलेले. त्यांनी आम्हाला बसा म्हटले. मुलीने मात्र उभ्यानेच विचारले, "जबाबाला बोलावताय की अटक करताय?"

"चला, ठाण्यात बोलू," मी म्हणालो.

तिला उत्तर कळले. तिने टेबलावरचा एक लिफाफा वडिलांच्या हातात दिला आणि मग मला सांगितले की स्पेनमधल्या एका महाविद्यालयात सहायक शिक्षिका म्हणून तिची निवड झाली आहे, पुढच्या वर्षी जायचे आहे, फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला बाकी आहे. "माझ्या नावावर काही लागू देऊ नका, साहेब. मी सगळं सांगते, तपासून बघा." मी हो म्हणालो. तिची आणि एजंटाची अटक त्याच दुपारी नोंदवली गेली.

दुसऱ्या दिवशी दोघांना तीन वाजता न्यायालयात उभे करायचे होते. सकाळीच वरून प्रेसनोट गेली: परदेशी घराच्या नावाखाली फसवणूक, दुभाषी महिलेसह दोघे अटकेत. ती लिहिण्यासाठी माहिती मीच पुरवली होती. बारानंतर मी मुलीला चौकशीसाठी समोर बसवले. महिला शिपाई दाराशी होती. मी भाषांतर पुढे सरकवले आणि विचारले की हे तुम्हीच केले का.

तिने पाने उलटली. खोटे बोलणारा माणूस बहुतेक वेळा उत्तर आधीच तयार ठेवून येतो. हिने पाने पुन्हा पहिल्यापासून उलटली आणि म्हणाली, "चौथं पान कुठे आहे?"

"प्रश्न मी विचारतो."

"विचारा. पण मसुद्याचं चौथं पान यात नाही. मुख्य अट त्याच पानावर आहे."

मी म्हणालो की पकडला गेलेला प्रत्येक माणूस असेच सांगतो. त्यावर ती चिडली नाही. तिने समासाकडे बोट केले. प्रत्येक परिच्छेदापाशी पेन्सिलीने बारीक आकडे घातलेले होते. पंचनामा करताना मला ती तपासणीची खूण वाटली होती, एजंटालाही तसेच वाटले असणार. ती तिची कामाची पद्धत होती. जो परिच्छेद मराठीत आणला त्याच्या समोर मूळ मसुद्याचे पान आणि ओळ ती लिहून ठेवी, म्हणजे कोणाला पडताळायचे असेल तर शोधता यावे.

"बोट ठेवून बघा," ती म्हणाली. "तिसऱ्या पानाच्या एकतिसाव्या ओळीपर्यंत मिळेल. मग एकदम पाचव्या पानाची पहिली ओळ."

मी बोट ठेवून पाहिले. तसेच होते. मग स्पॅनिश मसुदा ओढला. त्याची पाने नऊ, मराठीची आठ. तिने एका चिठ्ठीवर दोन स्पॅनिश शब्द लिहून दिले, नुदा प्रोपिएदाद. मी मसुद्याच्या चौथ्या पानावर अक्षराला अक्षर लावून पाहिले आणि ते शब्द सापडले. खाली म्हातारीचे नाव होते. तेच नाव नोटा सिंपलवर विकणाऱ्याच्या नावाखाली होते. कोणाला स्पॅनिश येण्याची गरजच नव्हती. तो कागद तीन दिवस माझ्या मुद्देमालात होता.

तेव्हा पाऊण वाजला होता. मी फाइल मिटली आणि म्हणालो, "बघू."

हाच तो शब्द मला सांगायचा होता. मला तेव्हाच कळले होते. रिमांड रिपोर्ट टाइप होऊन टेबलावर होता. त्यात दोन ओळी वाढवल्या असत्या, की भाषांतराचे एक पान गहाळ दिसते आणि आरोपी क्रमांक दोनची पोलीस कोठडी नको, तर ती त्या दुपारी घरी गेली असती. पण सकाळी प्रेसनोट गेलेली. वरिष्ठांसमोर उभे राहून माझी अटक चुकली म्हणावे लागले असते. मी स्वतःशी युक्तिवाद केला की पान तिनेच काढून एजंटाला दिले नसेल कशावरून, तपास तर बाकीच आहे. कायद्याच्या दृष्टीने तो युक्तिवाद उभा राहतो. माझा त्यावर तेव्हाही विश्वास नव्हता.

तीन वाजता तोच रिपोर्ट घेऊन मी न्यायालयात गेलो. दोघांना दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. न्यायालयाच्या व्हरांड्यात तिचे वडील डबा घेऊन उभे होते. त्यांनी विचारले की पोरीला भाकरी दिली तर चालेल का. मी शिपायाला सांगून डबा आत पाठवला आणि मला स्वतःचे बरे वाटले. माणूस किती स्वस्तात स्वतःला माफ करतो, ते मी त्या दिवशी पाहिले.

दोन दिवसांनी एजंटाचा कॉम्प्युटर तपासणाऱ्याने काही ईमेल छापून आणले. तिथल्या वकिलाने इंग्रजीत स्पष्ट विचारले होते की ताबा म्हातारीच्या हयातीनंतरच मिळेल हे घेणाऱ्याला समजले आहे ना. एजंटाने उत्तर दिले होते की समजले आहे, पुढे जा. मी ते कागद त्याच्यासमोर ठेवले. ते चाळून तो हसला.

"सर, म्हातारी मरेपर्यंत थांबा, असं लिहिलेलं पान वाचून दाखवलं असतं तर धुळ्याचा माणूस परत आला असता का?"

"पान कुठे आहे?"

"टेबलाच्या खणात. खाली पेपर घातलाय, त्याच्याखाली."

झडतीत आम्ही सगळे खण उपसले होते. तळाला घातलेले वर्तमानपत्र उचलले नव्हते. मी त्याला विचारले की फाडून का टाकले नाहीस. तो म्हणाला, "उद्या नाना उलटले असते तर म्हणता आलं असतं, पान दिलं होतं, तुम्हीच हरवलं. कागद कधी फाडू नये, सर."

पंचांसमक्ष ते पान काढले. समासात तिचे पेन्सिलीचे आकडे होते. तळाशी तिच्याच अक्षरात लाल शाईने दोन ओळी होत्या: खरेदीदाराला ही अट नीट समजावून सांगावी. वृद्ध बाई हयात असेपर्यंत घराचा ताबा मिळणार नाही.

राईटरने त्या ओळी दोनदा वाचल्या. म्हणाला, "साहेब, ही तर आपली फिर्याद आधीच लिहून बसली होती."

मुलीला त्याच दिवशी सोडले. पण सोडण्याचाही एक कागद असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६९ खाली मी अहवाल लिहिला, त्यात शब्द घातले: सबळ पुराव्याअभावी. खरे तर लिहायला हवे होते की या बाईचा गुन्ह्याशी संबंध नाही, उलट तिने लेखी सावध केले होते. तसे लिहिले असते तर कोणीतरी विचारले असते की मग कोठडी कशाला मागितली. केस डायरीतही पान गहाळ असल्याचा शोध मी एजंटाच्या कबुलीच्या तारखेला लावला, दोन दिवस अलीकडे आणून. एजंटाने एक पान काढून ठेवले होते, मी एक ओळ काढून ठेवली. त्याच्यावर दोषारोपपत्र गेले, मला प्रशस्तिपत्रक आले.

वर्षभराने तिच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याकडे आला. लिपिकाने दप्तरात होते ते उतरवले: फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक, पोलीस कोठडी, पुराव्याअभावी मुक्त. स्पेनमधले महाविद्यालय थांबले नाही, तिची जागा गेली. त्याआधी तिचे वडील एकदा ठाण्यात आले होते. मी त्यांना आबा म्हणून खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"साहेब, एक ओळ लिहून द्याल का? तिचा काही दोष नव्हता, एवढीच."

"नियमात बसत नाही, आबा."

"मग तुम्ही तरी काय करणार," ते म्हणाले, आणि नमस्कार करून गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नियमात बसत होते.

नानांचे पुढे काय झाले ते वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. एजंटावरचा खटला रेंगाळत चालला. घर त्यांनी विकले नाही. मुलगा त्याच गावात खोली घेऊन राहतो आणि रविवारी म्हातारीला बाजारातून भाजी आणून देतो. नाना एकदा बसस्टँडवर भेटले तेव्हा मी म्हातारीची तब्येत विचारली. "ठणठणीत शे," ते म्हणाले. "ती मरो असं कसं म्हणू? जगो म्हणू तर घर कवय मिळी? मी तिनं नाव काढनंच सोडी दिधं."

आता कोणी तिकडे घर घेण्याबद्दल विचारले, तर मी एवढे सांगतो. नोटा सिंपल स्वतः ताजी मागवा, तिच्यावरच्या प्रत्येक नावाचा हक्क काय ते विचारा, आणि आपले नाव कुठल्या शब्दापुढे लागणार आहे ते समजल्याशिवाय आर्रास देऊ नका. वकील आपला हवा, दलालाने आणलेला नको. मुखत्यारपत्र देण्यापेक्षा नोतारिओसमोर स्वतः जाऊन दुभाष्याकडून ऐका. आणि जो भाषांतर करतो त्या माणसाला एकदा तरी भेटा. नाना तिला भेटले असते तर तिने त्यांना दोन मिनिटांत सांगितले असते.

पोलिसात नव्याने येणाऱ्यांना सांगायचे आहे ते वेगळे. हातात शंका असताना कोठडी मागू नका. अटक चुकणे हा कमीपणा नाही. चुकली हे कळल्यावर ती टिकवणे, हा गुन्हा आहे. फक्त त्याला कलम नाही.

गेल्या महिन्यात मी प्रतिज्ञापत्र केले. कोणत्या दिवशी, किती वाजता मला काय कळले आणि मी काय लिहिले नाही, ते सगळे त्यात आहे. एक प्रत अधीक्षक कार्यालयात दिली, एक तिला रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोचपावती आली आहे. त्या प्रतीचा काही उपयोग अजून होत असेल तर तिने करावा. माझ्यावर काय कारवाई करायची ती करावी. हे झाले कागदाचे. जे कागदावर होत नाही ते मला करता आले नाही, तेही लिहून टाकतो.

पोचपावती आल्यावर, याच हिवाळ्यात, मी दीपनगरकडे गेलो होतो. वडील निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथेच जवळ दोन खोल्यांचे घर बांधले आहे. आबांनी मला लगेच ओळखले. हात धरून आत नेले, आणि शेजारून आलेल्या एका गृहस्थांना सांगू लागले की हे साहेब तपासावर होते म्हणून आमची पोरगी चार दिवसांत सुटली, दुसरा कोणी असता तर सडवलं असतं. मी खाली बघत होतो. आतल्या खोलीतून तिचा शिकवण्याचा आवाज येत होता, स्पॅनिश क्रियापदे म्हणून घेत होती. तो थांबला. तिने चहा आणून माझ्यापुढे ठेवला. मी आबांशी थंडीबद्दल बोललो, औष्णिक केंद्राच्या राखेमुळे खोकला होतो का विचारले, त्यांच्या पेन्शनचे विचारले. चहा संपला.

मी उठलो. ती फाटकापर्यंत आली.

"साहेब," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बोट ठेवून आकडे बघितले होते. मी समोर बसले होते."

आवाजात राग नव्हता. ती थांबली होती. जळगावपासून येताना हेल्मेटच्या आत मी मोठ्याने म्हणून पाहत आलो होतो: मला दुपारीच कळलं होतं. तरी मी तुम्हाला कोठडीत पाठवलं. माझं चुकलं, मला माफ करा. एवढीच वाक्ये होती, आणि ती ऐकायला तयार होती.

"हो," मी म्हणालो. मग म्हणालो, "आबांना जपा. येतो."